खडा न सुटणारा ताईत : तारेत रत्न कसे बांधावे

ताईत म्हणून गळ्यात घालायच्या खड्याकडून माणसे धीर, शांती, झोप, आरोग्य अशा मोठमोठ्या अपेक्षा ठेवतात. तो बनवणाऱ्याकडून मात्र एकच अपेक्षा ठेवायला हवी, ती म्हणजे खडा जागचा हलू नये. हाताने ताईत करण्याविषयी जे लिहिले जाते त्याचा बहुतेक भाग कोणत्या खड्यात कोणता गुण आणि तो कोणत्या रात्री चांदण्यात ठेवावा यावर खर्च होतो. खडा धातूत पकडायचा कसा ही खरी अडचण ‘आता तार गुंडाळा’ एवढ्या वाक्यात उरकली जाते. पुढील मार्गदर्शन भोक न पाडलेला, सपाट पाठीचा आणि घुमटाकार माथ्याचा खडा, ज्याला कॅबोशॉन म्हणतात, तो डाख न लावता आणि गोंद न वापरता तारेत कसा बांधावा याविषयी आहे.

गुणांविषयी थोडक्यात

रत्ने रोग बरे करतात याला शास्त्रीय आधार नाही, आणि ही शंका आजची नाही. ॲमेथिस्ट हा जांभळा खडा जवळ असला की नशा चढत नाही, या त्या काळच्या समजुतीला रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच मांत्रिकांची थाप ठरवले होते. तरीही प्राचीन इजिप्तमध्ये कार्नेलियन, लाजवर्द आणि फिरोजा यांचे ताईत जिवंत माणसे अंगावर घालत आणि मृतांच्या कापडी वेष्टनातही ते ठेवले जात. घालणाऱ्याच्या मनाला खड्याचा आधार वाटत असेल तर तो आधार खरा आहे, आणि तेवढ्यासाठी नीट काम करणे योग्यच आहे. मात्र ताईत दुसऱ्याला देताना ‘याने रक्तदाब उतरेल’ किंवा ‘आता औषधाची गरज नाही’ असे कदापि सांगू नये.

खडा निवडणे

पहिल्या काही ताईतांसाठी अकीक, कार्नेलियन, जॅस्पर, टायगर आय किंवा स्फटिक कुळातील दुसरा एखादा खडा घ्यावा. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स याने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्यश्रेणीवर हे सर्व ७ च्या आसपास येतात आणि शिकाऊ हाताचा दाब सहन करतात. ॲमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्झ त्याच कुळातले आहेत, परंतु दीर्घकाळ उन्हात राहिल्यास त्यांचा रंग फिका पडू शकतो. चंद्रकांत, म्हणजे मूनस्टोन, आणि लॅब्राडोराइट हे ६ ते ६.५ काठिण्याचे असले तरी त्यांच्यात ठरावीक प्रतलांवर चिरण्याचा स्वभाव असतो, त्यामुळे कडेवर चुकीचा दाब पडला की खडा सरळ रेषेत फुटतो. फ्लोराइट ४ वर येतो आणि तोही असाच चिरतो. मॅलाकाइट ३.५ ते ४ इतकाच कठीण असून घामाने त्याची झिलई जाते. शिवाय ते तांब्याचे कार्बोनेट असल्यामुळे त्याला घरी घासून कीस उडवू नये आणि तो बुडवून ठेवलेले पाणी तर मुळीच पिऊ नये.

रंगावर भाळण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाजारातील बहुतेक सिट्रीन हा तापवून पिवळा केलेला ॲमेथिस्ट असतो आणि फिरोज्याच्या नावाखाली रंगवलेला हाउलाइट नावाचा दुसराच खडा सर्रास विकला जातो. पकडीच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, पण ज्याच्यासाठी ताईत करायचा त्याचा विश्वास विशिष्ट खड्यावर असेल तर त्याला खरे काय ते सांगितले पाहिजे.

‘शुद्धी’साठी सर्व खडे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावेत, हा सल्ला इतक्या ठिकाणी छापलेला असतो की आता तो वाचला तरी माझा संताप होतो. सेलेनाइट हे जिप्सम आहे, पाण्याने त्याचा पृष्ठभाग खराब होतो. फिरोजा सच्छिद्र असतो. मोती आणि पोवळे यांना आम्ल आणि रसायने सोसत नाहीत. तांब्याच्या तारेवर मीठ साचले की हिरवट थर धरतो आणि तो वेढ्यांच्या फटींतून निघत नाही. चांदण्यात ठेवणे हा मात्र असा विधी आहे की त्याने कोणत्याच खड्याचे काही बिघडत नाही, म्हणून ज्यांना विधी हवाच आहे त्यांना मी तोच सुचवते.

तार

चौकोनी छेदाची, मऊ, २० गेजची म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीची तार सांगाड्यासाठी घ्यावी आणि बांधणीसाठी २६ गेजची, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरची मऊ तार घ्यावी. गोल तारा एकमेकींवर चढतात, म्हणून सांगाड्याला चौकोनीच तार असावी. सराव तांब्यावर करावा आणि हात बसल्यावर ९२.५ टक्के चांदीकडे वळावे. घटक माहीत नसलेल्या स्वस्त मिश्रधातूच्या तारेत निकेल असू शकते आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या त्वचेवर त्याने पुरळ उठते. ज्या वस्तूने बरे वाटावे अशी अपेक्षा आहे तिनेच खाज सुटणे शोभत नाही.

सांगाडा

लांबीने ३० आणि रुंदीने २२ मिलिमीटर असलेला लंबगोल खडा घेतला तर त्याचा परिघ सुमारे ८२ मिलिमीटर भरतो. त्यात मान, म्हणजे खड्याच्या वर तारा एकत्र येतात तो भाग, आणि दोरी ओवायची कडी यांसाठी १५ सेंटिमीटर मिळवून सुमारे २३ सेंटिमीटरच्या तीन तारा कापाव्यात. तिन्ही तारा सरळ करून शेजारी शेजारी चपट्या ठेवाव्यात, दोन ठिकाणी कागदी चिकटपट्टीने धराव्यात आणि मध्यावर बारीक तारेचे चार घट्ट वेढे द्यावेत. हा तळाचा बंध झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना, खड्याच्या परिघाचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण २० मिलिमीटर अंतरावर, आणखी एकेक बंध घालावा. प्रत्येक बंधाचे टोक आतल्या, म्हणजे खड्याकडच्या अंगाला कापून पूर्ण चपटे दाबावे; तिथे उंचवटा राहिला तर खडा तिरका बसतो आणि सारा दाब कडेच्या एकाच बिंदूवर येतो.

ही जुडी खड्याच्या कडेभोवती बोटांनी वळवावी, वर दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथे चपट्या तोंडाच्या पक्कडीने त्या उभ्या मोडाव्यात आणि मानेला सध्या दोनच सैल वेढे देऊन ठेवावे.

पकड

खरे काम इथे सुरू होते आणि बहुतेक ताईत इथेच बिघडतात. मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त काळ छळले. तीन तारांपैकी मागची तार आत ओढून खड्याला बैठक द्यायची असते आणि पुढची तार आत ओढून खडा पुढे निसटू नये असा अडसर करायचा असतो. मधली तार कडेला वेढून तशीच राहते. तार ओढावी तर ती आत येतच नाही, जोर करावा तर बंध सरकतात, आणखी जोर करावा तर तार वाकडी होऊन कडक बनते. यावर ‘जास्त सराव करा’ असे सांगितले जाते, परंतु दोष सरावाचा नसून बंधांच्या जागेचा असतो.

दोन बंधांमध्ये तार बाहेरच्या अंगाला कमानीत फुगलेली असते. पकड करणे म्हणजे त्याच कमानीतील तार खड्याच्या माथ्यावर आत ढकलणे, कारण बंध घट्ट असल्यामुळे बाहेरून नवी तार येऊ शकत नाही. कमान जितकी वाकडी, तितकी आत आणण्याजोगी तार जास्त. कड सरळ असेल तिथे ती जवळपास शून्य. म्हणून बंध नेहमी कडेच्या सरळ किंवा मंद वळणाच्या भागावर पडावेत आणि पकडी मोठ्या वळणावर याव्यात. लंबगोल खड्याला तळ, डावी बाजू, उजवी बाजू आणि मान अशा चार ठिकाणी बंध आणि त्यांच्या मधोमध चार पकडी, ही मांडणी याच कारणाने चालते. चौकोनी खड्याला बंध बाजूंच्या मध्यावर आणि पकडी कोपऱ्यांवर द्याव्यात. शोभेसाठी बंधांची संख्या वाढवून त्यांच्यातील अंतर कमी करणारे नमुने दिसायला दाट आणि सुबक असतात, पण त्यांच्यात पकडीसाठी तारच उरत नाही, आणि मग तो खडा गोंदाच्या भरवशावर राहतो.

क्रमही बदलू नये. आधी, खडा बाहेर असतानाच, मागच्या चारही पकडी पूर्ण कराव्यात. मागची आणि मधली तार यांच्या फटीत बोथट पात्याचे टोक घालून ती अलगद वेगळी करावी आणि चपट्या पक्कडीने कमानीचा मध्य साधारण ३ मिलिमीटर आत ओढावा. मग खडा पुढून आत बसवून सांगाडा पालथा धरावा आणि खड्याची पाठ चारही पकडींवर सारखी टेकते का हे पाहावे. एक पकड खोल आणि दुसरी उथळ असेल तर खडा डोलतो, आणि हा दोष पुढून कितीही दाबले तरी जात नाही. त्यानंतरच मानेचे सैल वेढे काढून तिथे चार-पाच घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे सांगाड्यात उरलेली ढिलाई वर खेचली जाते. मान आधीच पक्की केली तर ही ढिलाई कायमची आत अडकते.

पुढच्या पकडी शेवटी. इथे धातूची पक्कड खड्याच्या दिशेने कधीही दाबू नये. फट करण्यापुरते पाते वापरावे, मग लाकडी काडीच्या बोथट टोकाने तार थोडी थोडी आत ढकलावी आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मागून खड्याला टेकलेला ठेवावा. चारही पकडी ओळीने पूर्ण करू नयेत. गाडीच्या चाकाचे नट समोरासमोर आवळतात तसे आधी एक, मग तिच्या तिरक्या समोरची, असे दोन-तीन फेऱ्यांत पुढे जावे. कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर आत तार आली की थांबावे. त्याहून आत ओढलेली तार घुमटाच्या उतारावरून उचलली जाते, खडा झाकते, कपड्यात अडकते आणि उलट सैल होते. एकच जागा पुढे-मागे वाकवत बसलात तर तांबे कडक होऊन तुटते. तार हट्टी झाली असे वाटले की ती सोडून नव्या तारांनी सुरुवात करावी, हा माझा ठाम सल्ला आहे. तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की ते पुन्हा मऊ होते हे खरे, पण खडा आत असताना ज्योत जवळही आणू नये.

परीक्षा सोपी आहे. ताईत कानाजवळ धरून हलवावा. खुळखुळ ऐकू आली तर एखादी पकड खोटी आहे. मग घडी केलेल्या टॉवेलवर तो पालथा धरून अंगठ्याने मागून खडा दाबावा. तो किंचितही पुढे आला तर काम झालेले नाही.

गोंदाविषयी एवढेच की झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो, त्याच्या वाफेने खड्यावर पांढरट डाग उमटतात आणि मुख्य म्हणजे तो चुकीची बांधणी लपवतो. ज्यांच्या मते खडा त्वचेला टेकल्याशिवाय ताईताचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी पाठ उघडी राहणे आवश्यकच असते, आणि तिथे गोंदाचा थर कोणालाच नको असतो.

कडी आणि दोरी

मानेवर सहा टोके उभी राहतात. मधली दोन एकत्र धरून चार-पाच मिलिमीटर जाडीच्या दांड्यावरून मागे वळवावीत, मानेमागे खाली आणून मागच्या एका तारेच्या दोन-तीन वेढ्यांनी बांधावीत. उरलेली टोके कापून, घासून, आत दाबावीत. तार कापताना चष्मा लावावा आणि कापायचे टोक दुसऱ्या हाताने धरावे, कारण सुटलेला तुकडा थेट डोळ्याकडे उडतो.

पहिल्या आठवड्याच्या वापरानंतर पकडी पुन्हा एकदा काडीने दाबाव्यात, कारण मऊ तार अंगावर वावरताना थोडी बसते. अंघोळीच्या आणि झोपेच्या वेळी ताईत काढून ठेवावा आणि लहान मुलांच्या गळ्यात तो घालूच नये. सुती दोरी कडीच्या आतल्या धारेवर झिजते. तिचे तंतू सुटलेले दिसताच नवी दोरी ओवावी, नाहीतर खडा पकडीत घट्ट असूनही सगळा ताईतच वाटेत कुठेतरी गळून पडायचा.