रॉबिन हूडच्या नावाची जागा खरंच किती जुनी? असं तपासा

इंग्लंडच्या नकाशावर रॉबिन हूडच्या नावाच्या विहिरी, दगड, गुहा आणि टेकाडं पैशाला पासरी आहेत. जिथे जाल तिथे ‘तो इथेच लपायचा’ हे छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी भेटतंच. अशा जागेचा कस लावायचा तर वहीत तीन रकाने आखा: वस्तूचं वय, नावाचं वय आणि दंतकथेचं वय. बहुतेक घोळ हे तीन रकाने एकत्र केल्यामुळे होतात.

पहिलं काम जागा नेमकी पकडणं. नुसतं ‘रॉबिन हूडची विहीर’ म्हणून शोधलंत तर एकट्या यॉर्कशरमध्येच गफलत होईल. एक विहीर बार्न्सडेलला ए-वन हमरस्त्यालगत आहे, दुसरी फाउंटन्स ॲबी या जुन्या मठाच्या आवारात. म्हणून ब्रिटिश नॅशनल ग्रिडचा, म्हणजे नकाशावर आखलेल्या चौकोनांचा, संदर्भ लिहा. दोन अक्षरं आणि सहा आकडे दिले की १०० मीटरचा चौकोन मिळतो. विहीर किंवा दगड असेल तर आठ आकडे घ्या, म्हणजे १० मीटरपर्यंत पोचता. सोबत जुना पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावाचा विभाग) आणि १९७४च्या आधीची काउंटी (जिल्हा) लिहायला विसरू नका, कारण जुनी दफ्तरं त्याच हिशेबाने लावलेली असतात. रॉबिन हूड्स बे हे किनाऱ्यावरचं गाव दफ्तरात फायलिंगडेल्स पॅरिशखाली शोधावं लागतं.

वस्तू हललेली नाही ना, हेही बघा. बार्न्सडेलच्या विहिरीवरची दगडी छत्री १७१०च्या सुमारास व्हॅनब्रू या वास्तुकाराने आखली. पुढे १९६०च्या आसपास रस्ता रुंद करताना ती बाजूला हलवली. आज ती दिसते तिथे झरा नव्हताच. रोजनिशीकार जॉन एव्हलिन १६५४ साली इथे पाणी प्यायला उतरला तेव्हा छत्री नव्हती. त्याने दगडी आसन आणि त्याला साखळीने बांधलेली लोखंडी पळी पाहिल्याचं नोंदवलंय. म्हणजे विहिरीचं नाव छत्रीपेक्षा निदान अर्ध्या शतकाने जुनं.

आता नकाशे, आजच्या नकाशापासून मागे मागे जात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचं सरकारी मोजणी खातं) नकाशे फुकट पाहता येतात. सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा १:१०,५६० प्रमाणाचा, पंचवीस इंची १:२,५०० चा. सुटा दगड सहा इंचीवर बऱ्याचदा गाळलेला असतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून ‘नाव नंतरचं’ असा निष्कर्ष काढू नका. पंचवीस इंची उघडा. नाव जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत छापलेलं असेल तर मोजणीदारांनी ती वस्तू प्राचीन मानली, एवढंच ठरतं. नावाच्या वयाशी त्याचा संबंध नाही.

शेतांच्या नावांसाठी १८३६च्या कायद्यानंतर बनलेले टाइथ (चर्चला द्यायचा दशमांश) नकाशे बघा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. नकाशावर फक्त क्रमांक असतात, नावं सोबतच्या वेगळ्या नोंदवहीत. नोंदवही न उघडता परत फिरलात तर खेप फुकट.

खरा माल मात्र इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीच्या काउंटीवार खंडांत आहे. संस्था १९२३ची. यॉर्कशरच्या एकट्या वेस्ट रायडिंग या भागाचे, ए. एच. स्मिथ यांनी केलेले, आठ खंड १९६१ ते १९६३ दरम्यान निघाले. नोंदीत नावाचं जुनं रूप, साल आणि साधनाचं संक्षिप्त नाव असतं. संक्षेपांची फोड खंडाच्या सुरुवातीला मिळते. सगळ्या काउंट्यांचं काम पूर्ण झालेलं नाही, म्हणून नोंद नसणं हा पुरावा धरू नये. शोधताना ‘हूड’वर अडून राहू नका. होड, हुड, हुड्स अशी रूपं, आणि रॉबिनच्या जागी रॉबर्टसुद्धा, एकेक करून पाहा.

हे का, ते बार्न्सडेलच्याच दगडावरून कळतं. मंक ब्रेटन मठाच्या दस्तांच्या वहीत १४२२च्या एका जमिनीच्या दस्तात हद्द सांगताना ‘रॉबर्ट होडचा दगड’ येतो. अशी नोंद सोन्याच्या मोलाची, कारण हद्द लिहिणाऱ्या कारकुनाला गोष्ट रंगवायची नसते. शेजारीपाजारी ओळखतील अशी खूण त्याला हवी असते. तरीही हुरळून जाऊ नये. रॉबिन हूडची कवनं लोकांच्या तोंडी असल्याचा उल्लेख १३७७च्या सुमाराचा आहे, म्हणजे नावाआधी कथा पसरलेली होती. शिवाय मठाच्या वह्या मूळ दस्तांच्या नकला असतात. दस्ताचं साल आणि नक्कल केल्याचं साल, दोन्ही टिपा.

आडनावाचा पेच वेगळाच. हूड हे साधं, रुळलेलं आडनाव आहे. त्या पॅरिशच्या कर-याद्यांत एखादा रॉबर्ट हूड सापडला तर शेताचं नाव त्या बिचाऱ्या शेतकऱ्याचंही असू शकतं. उलट बाजूने, १२६२च्या बर्कशरच्या एका सरकारी नोंदीत विल्यम या फरारी माणसाला ‘रोबहोड’ म्हटलंय. त्याआधीच्या नोंदीत तो रॉबर्ट ल फेव्हरचा मुलगा आहे. नाव तेव्हाच टोपणनावासारखं वापरात आलं असावं.

वस्तूचं वय नेहमी स्वतंत्र तपासा. सॉमरसेटमधले ‘रॉबिन हूड्स बट्स’, म्हणजे त्याचे नेमबाजीचे उंचवटे, प्रत्यक्षात कांस्ययुगातली दफनाची टेकाडं आहेत. क्रेसवेल क्रॅग्जच्या रॉबिन हूड गुहेत १८७६ साली घोडा कोरलेलं बरगडीचं हाड मिळालं, ते हिमयुगातलं. शेरवुडमधला ‘मेजर ओक’ हा ओक वृक्ष तर १७९०मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या मेजर हेमन रूकमुळे मेजर झाला.

थडग्यावर तारीख दिसली की आधी कॅलेंडर तपासा. रॉबिन हूडच्या कर्क्लीजमधल्या कथित थडग्यावर ‘डिसेंबरच्या कॅलेंड्सआधी २४वा दिवस, १२४७’ असा मृत्युदिन आहे. कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस. रोमन पद्धतीत त्याआधीचे दिवस उलटे मोजतात आणि ही मोजणी १४ नोव्हेंबरला १८व्या दिवसापासून सुरू होते, २४वा दिवस येतच नाही. मजकूर मागाहून रचलेला, हे तिथेच उघडं पडतं. जागा खासगी मालकीची आहे. परवानगी काढल्याशिवाय जाऊ नका.

नोंद थोडक्यात लिहा. बार्न्सडेलच्या दगडाची अशी होईल: ‘वस्तू: दगड, आज जागेवर नाही, वय अज्ञात. नाव: १४२२, हद्दीचा दस्त, मठाच्या वहीतली नक्कल. कथा: १३७७च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रचलित, याच दगडाशी जोडणारी तेव्हाची कथा आढळली नाही.’