गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय, पण खिशात पैसे मोजकेच? आधी काय बदलायचं ते असं ठरवा

भाच्याचा पीसी २०१९ चा. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). दिवाळी-वाढदिवसाचे करून २५ हजार साठवलेले आणि दुकानदाराने फोनवरच सांगितलं की प्रोसेसर-बोर्ड-रॅमचा कॉम्बो घे, सगळं नवीन होऊन जाईल. "मामा, आज संध्याकाळी जाऊया का?" म्हटलं थांब जरा. मग आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो, तुमचे पार्ट वेगळे असतील पण क्रम हाच चालेल.

आधी फुकटात होण्यासारखं करून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. भाच्याची स्टिक ३२०० ची होती पण धावत होती २४०० वर, कारण बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडने चालवणारं सेटिंग) कोणी चालूच केलं नव्हतं (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). दोन मिनिटांचं काम. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारी माणसं मी स्वतः बघितलीयत. आणि ज्यांच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे त्यांनी मॉनिटरची केबल कार्डला लावलीय की बोर्डाला तेही बघा, हसू नका, होतं असं.

आता मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्याने खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डचा वापर, टेंपरेचर, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात) सगळं दिसतं. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० वरच असेल, एफपीएसला लॉक पण लावलेला नसेल आणि तरी ते वाढत नसतील तर प्रोसेसर किंवा रॅम मागे ओढतेय. इथे प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर जाऊ नका, १२ थ्रेडच्या (एकाच वेळी १२ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ४० च दिसू शकतो. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन ७२० पी वर आणा, एफपीएस चांगले वाढले तर दोष कार्डचा, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर-रॅमचा.

गंमत म्हणजे भाच्याच्या दोन गेमांनी दोन उत्तरं दिली. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये कार्ड ९९ वर अडकलेलं, व्हॅलोरंटमध्ये कार्ड निवांत. म्हणून पैसे काढायच्या आधी तुम्ही जास्त वेळ काय खेळता ते स्वतःलाच विचारा. भाच्याने बराच विचार करून रेड डेड म्हटलं. कार्ड घ्यायचं ठरलं, आणि रॅमची तसलीच दुसरी ८ जीबी स्टिक, कारण एका स्टिकवर ड्युअल चॅनेल (दोन स्टिक एकत्र, दुहेरी वाटेने वापरणं) मिळत नाही आणि रायझनला ते चांगलंच जाणवतं. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा.

कार्डमध्ये नावावर जाऊ नका. आरटीएक्स ३०५० ६ जीबी आणि ८ जीबी यात फक्त मेमरीचा फरक नाही, ६ जीबीवाल्यात कोअरच कमी आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं पण त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, आहेत, बी४५० सारख्या जुन्या, जेन ३ स्लॉटच्या बोर्डवर ते आणखी मार खातं. जीटी १०३० डीडीआर४ तर गेमिंगसाठी कोणी फुकट दिलं तरच. १०८० पी साठी आम्ही आरएक्स ६६०० वर आलो, ८ जीबी, १३२ वॅट, एकच ८ पिनचा कनेक्टर. भाव रोज हलतात म्हणून इथे लिहीत नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तीन दुकानांत विचारा, ऑनलाईनशी ताडून बघा. "बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो" म्हणाले तर नको म्हणा. १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण कार्ड सहा महिन्यांनी बंद पडलं की वॉरंटीसाठी बिल मागतात.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या पीसीवर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके-पट्टे येतात का बघा, आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर कार्डवरच्या नंबरशी जुळवा.

आता एसएमपीएस, ज्याकडे कोणी बघतच नाही. कॅबिनेटचा साईड पॅनेल काढून लेबल वाचा. भाच्याच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, आणि खाली बारीक टाईपात १२ व्होल्टच्या लाईनवर १६ अँपियर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, बस्स. कार्डचे १३२ आणि प्रोसेसरचे ६५ धरले तर १९७ तिथेच झाले, पंखे वेगळेच! असल्यावर नवीन कार्ड लावणं म्हणजे आगीशी खेळ. चांगल्या ब्रँडचा ५५० वॅटचा घेतला, आणि बजेटमुळे कार्डचं तीन पंख्यांचं मॉडेल सोडून दोन पंख्यांचं घेतलं. कार्डची लांबी कॅबिनेटमध्ये बसते का तेही आधी टेपने मोजून ठेवा.

प्रोसेसर पुढच्या दिवाळीला. बोर्ड बदलायची गरजच नाही, बायोस अपडेट करून बी४५० वर रायझन ५ ५६०० चालतो, फक्त कंपनीच्या साईटवर आपल्या बोर्डाची सपोर्ट लिस्ट बघा आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट उरका, तेही लाईट जाणार नाही अशा वेळी (पुणेकरांनी गुरुवार टाळा). ५५०० थोडा स्वस्त पडतो पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२, गेममध्ये फरक पडतो. आणि कूलर काढताना थेट वर खेचू नका. आधी १५ मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवून कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा आणि मगच उचला. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावलेल्या थर्मल पेस्ट वाळल्यामुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि खाली १३३१ पिना असतात, मी माझ्या पीसीत चार वाकवल्या होत्या आणि सुईने सरळ करताना घामाघूम झालो होतो.

जुनं १०५० टीआय टाकू नका. त्याला बहुतेक मॉडेलमध्ये वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसचे जुने पीसी घेऊन गेमिंग करणारे ते शोधतच असतात. भाच्याचं दोन दिवसांत गेलं.