जुन्या जर्मन थडग्यांवरचे लेख वाचताय? या चुका टाळा

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, टेक्सासमध्ये जाऊन वसलेल्या जर्मन कुटुंबांची थडगी आजही तिथे उभी आहेत आणि त्यांवरचे लेख जर्मनमध्ये आहेत. वंशजांना जर्मन येत नाही. मग दगडाचा फोटो निघतो आणि फिरत फिरत पुण्यातल्या माझ्यासारख्या अनुवादकाकडे येतो. सोबत मोबाइलच्या ॲपने केलेला 'कच्चा अनुवाद' असतो, "फक्त एकदा नजर टाका" अशी विनंती असते. नजर टाकली की कळतं, सगळं नव्याने करणं सोपं पडेल.

सगळ्यात जास्त घोळ होतो बायकांच्या नावांत. जुन्या जर्मनमध्ये स्त्रीच्या आडनावाला 'इन' हा प्रत्यय लागायचा. श्मिट घराण्यातली बाई ती श्मिटिन, म्युलरांची ती म्युलरिन. त्यापुढे 'गेबोर्ने' किंवा नुसतं 'गेब.' आणि आणखी एक आडनाव आलं, की ते तिचं माहेर. आपण लग्नपत्रिकेत किंवा श्रद्धांजलीत 'पूर्वाश्रमीच्या कुलकर्णी' लिहितो, तंतोतंत तेच. पण हेच 'गेब.' तारखेआधी आलं तर त्याचा अर्थ 'जन्म' होतो. म्हणजे पुढे नाव आहे की आकडा, एवढं बघायचं असतं. तेवढंही लोक बघत नाहीत.

पेन्सिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाचं काम आलं होतं (आडनावं बदलून सांगतो). अठराव्या शतकाच्या शेवटचा दगड, वर लिहिलेलं 'मारिया कातारिना श्मिटिन, आइने गेबोर्ने वेबरिन'. वेबर म्हणजे विणकर, त्यामुळे ॲपने इमानेइतबारे उत्तर दिलं, 'एक जन्मजात विणकर'. झालं! घरात हातमागाची परंपरा होती असं ठरलं, स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेत आजीबाईंच्या कौशल्यावर दोन पानं लिहिली गेली, मुखपृष्ठावर मागाचं चित्र आलं. दुसरीकडे एक उत्साही काका 'श्मिटिन' हे वेगळंच घराणं समजून चर्चच्या नोंदी धुंडाळत होते. त्यांना एकही श्मिटिन पुरुष सापडला नाही. सापडणार कसा? बाई श्मिट घरात दिलेली, माहेरची वेबर, विषय संपला. मी तसं कळवलं तर उत्तर आलं, "पण मुखपृष्ठ छापून झालंय." पुस्तिका बहुधा तशीच वाटली गेली.

त्याच दगडावर जन्माचा महिना '९बर' असा कोरलेला होता आणि तो त्यांनी सप्टेंबर धरला होता. ७बर, ८बर, ९बर, १०बर म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आकडा लॅटिन संख्येचा असतो, महिन्याच्या क्रमांकाचा नव्हे. हॉर्नुंग म्हणजे फेब्रुवारी. येनर म्हणजे जानेवारी.

माझी सवय सांगतो. शब्दकोश उघडण्याआधी पेन्सिलने कागदावर दगड जसाच्या तसा उतरवायचा. ओळी जिथे तुटतात तिथेच तोडायच्या आणि जे अक्षर लागत नाही तिथे टिंब ठेवायचं. फ्राक्टूर, म्हणजे जुन्या जर्मन टोकदार अक्षरांच्या वळणात लांब एस आणि एफ जुळे भाऊ, कॅपिटल बी आणि व्ही तसेच, आय आणि जे तर बहुधा एकच चिन्ह. मी अडलेलं अक्षर त्याच दगडावरच्या ओळखीच्या शब्दाशी ताडून बघतो. 'श्टार्ब', म्हणजे वारला किंवा वारली, हा शब्द बहुतेक ठिकाणी असतो, तो कामी येतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना पहिल्या ओळीपासून अर्थ हवा असतो, मग अर्थाला सोयीची अक्षरं दिसू लागतात.

दुसरं माझं दुखणं म्हणजे वयावरून जन्मतारीख काढणं. कित्येक दगडांवर जन्मतारीख नसते. मृत्यूची तारीख आणि वर्षं, महिने, दिवसांत वय असतं. समजा मृत्यू ३ मार्च १८६८, वय ६३ वर्षं ४ महिने १२ दिवस. आधी वर्षं, मग महिने, मग दिवस वजा केले तर येते २२ ऑक्टोबर १८०४. आधी दिवस वजा केले तर २० ऑक्टोबर, कारण १८६८ लीप वर्ष. आणि वंशावळीवाल्यांची लाडकी युक्ती आहे ८८७० ची: तारीख आणि वय सलग आकड्यांत मांडायचे, वजाबाकी करायची, त्यातून ८८७० काढायचे. १८६८०३०३ वजा ६३०४१२ वजा ८८७० म्हणजे १८०४१०२१, अर्थात २१ ऑक्टोबर. तीन रीती, तीन तारखा! वर जिथे महिन्यांत आणि दिवसांत हातचा घ्यावाच लागत नाही, तिथेही लोक डोळे झाकून ८८७० वजा करतात आणि मग महिना-दिवस भलतेच येतात. मी कोणतीही एक तारीख पक्की लिहीत नाही. 'सुमारे २०–२२ ऑक्टोबर १८०४, वयावरून' असं लिहितो आणि बाप्तिस्म्याची नोंद शोधायला सांगतो. हे लोकांना आवडत नाही, कारण वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट एकच असते.

तारखेआधीचा 'डी.' म्हणजे इंग्रजी 'डाइड' नव्हे. तो 'डेन', म्हणजे 'अमुक तारखेस'. या एका टिंबापायी कितीतरी मंडळी जन्मदिवशीच मेलेली आहेत.

चांदणी म्हणजे जन्म, क्रूस म्हणजे मृत्यू.

'फिल. १, २१' हा फिलिप नावाचा मुलगा नाही, बायबलमधल्या वचनाचा संदर्भ आहे.

'हानोफर' वाचून लगेच हानोफर शहर गाठू नका. १८६६ पर्यंत त्या नावाचं अख्खं राज्य होतं, पुढे प्रशियाचा प्रांत झाला. गावाचं नाव असेल तर त्यापुढचं 'क्राइस' किंवा 'ओबरआम्ट' सोडू नका. तो जिल्हा असतो, आणि नॉइश्टाट नावाची गावं पैशाला पासरी आहेत.

पणजोबांचं थडगं बघायला थेट जर्मनीचं तिकीट काढणाऱ्यांना आधीच सांगतो: तिथे कबरीची जागा सहसा कायमची मिळत नाही. साधारण वीस-तीस वर्षांची मुदत असते, वारसांनी ती वाढवली नाही तर दगड हटतो. ज्यू दफनभूमी आणि युद्धात मेलेल्यांच्या कबरी हे मुख्य अपवाद. १८५० चं गावातलं थडगं शोधायला जाल तर बहुधा हात हलवत परत याल. त्यापेक्षा चर्चची दप्तरं बघा.

आणि कृपा करून दगड घासू नका. तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस, सगळं बंद. जुना संगमरवर साखरेसारखा सुटतो, एका घासणीत अक्षरं जातात. साधं पाणी, मऊ ब्रश आणि एक आरसा पुरतो. आरशाने ऊन बाजूने तिरपं पाडलं की दुपारी न दिसणाऱ्या ओळीही उठून दिसतात. फोटो समोरून काढा, तळाशी गवत असेल तर हाताने बाजूला करा. दगडाच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठवा. पेन्सिल्व्हेनियातल्या काही दगडांवर अंत्यविधीच्या प्रवचनाचं वचन मागे कोरलेलं असतं, आणि ते कुणीच पाठवत नाही.