ब्राउजरमधी एचटीटीपीएस पक्कं चालू करून ठेवा

पीक विम्याची मुदत संपत आली की इकडं परभणीत फॉर्म भरायच्या दुकानांपुढं लाइन लागते बघा, आधार, पासबुक, सातबारा सगळं काउंटरवर, आन् स्क्रीनवर वरच्या पट्टीत नॉट सिक्योर आलंय का नाही ते कुणीच बघत नाही. पत्ता नुसत्या एचटीटीपीनं सुरू होत असंल तर तुम्ही टाकलेलं सगळं उघडं जातं, त्याच वायफायवरचा दुसरा माणूस ते वाचू शकतो आन् मधल्या मधी बदलू बी शकतो. शेवटचा एस असला, म्हणजे एचटीटीपीएस असलं, की ते कुलूपबंद जातं.

तर हे करा. क्रोममधी तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथंच नाहीतर आत सिक्युरिटीमधी ऑलवेज यूज सिक्योर कनेक्शन्स दिसंल, ते चालू करा. फायरफॉक्समधी बी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतच एचटीटीपीएस ओन्ली मोड हाय, २०२० पासून हाय, तिथं सगळ्या विंडोसाठी चालू करा. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर नावाचं ब्राउजरचं एक्स्टेन्शन टाका म्हणून कुणी सांगितलं तर नका टाकू, ते २०२३ मधी बंद झालं.

आता खरी गोष्ट पुढं हाय. एखाद्या साइटला एचटीटीपीएस नसंल तर पूर्ण पानभर इशारा येतो आन् खाली कंटिन्यूचं बटन असतं, लोकं घाईत तेच दाबतात, मग सेटिंग करून उपयोग काय? नुसतं काही वाचायचं असंल तर एकवेळ चालंल, पण पासवर्ड, ओटीपी, खाते नंबर टाकायचा असंल तर तिथून माघारीच फिरा. आन् एस दिसला म्हणजे साइट खरी असं बी नाही, एससाठी लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचा डिजिटल दाखला, फुकट मिळतं, फसवणारे बी घेतात, म्हणून पत्त्यातलं अक्षर न् अक्षर वाचा.

माझ्या कॉम्प्युटरवर एकदा सगळ्याच साइटवर एरर यायला लागला, बँक, मेल, काहीच उघडंना. अर्धा दिवस नेटवाल्याच्या मागं लागलो, शेवटी खाली कोपऱ्यात बघितलं तर तारीख कितीतरी वर्षं मागची! मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता, लाइट गेली की घड्याळ मागं जायचं आन् ब्राउजरला सर्टिफिकेटची तारीखच जुळंना. सेल बदलला, तारीख नीट केली, सगळं चालू. त्यामुळं असं झालं तर सेटिंग बंद करू नका, आधी घड्याळ बघा.