नव्या सायकलची घरच्या घरी देखभाल: चेनपासून सुरुवात

सायकल नवी असली की लोक ती पुसतात, चमकवतात आणि चेनवर भरपूर तेल ओततात. तेलाची गरज मात्र चेनच्या आत, पिन आणि रोलर (पिनभोवती फिरणारी छोटी नळी) यांच्या सांध्यात असते. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल धूळ धरून ठेवतं. त्याचा काळा चिकटा पॉलिश पेपरसारखा चेन आणि दाते घासत राहतो.

म्हणून आधी पुसणं, मग तेल, मग पुन्हा पुसणं. कोरड्या फडक्यात चेनची खालची बाजू धरा आणि पेडल उलटं फिरवत राहा. मग चेनच्या जोडकडीपासून, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या वेगळ्या दिसणाऱ्या कडीपासून सुरुवात करून प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा. जोडकडी परत समोर आली की थांबायचं. अर्धा मिनिट पेडल फिरवा, पंधरा मिनिटं तेल मुरू द्या आणि स्वच्छ फडक्याने बाहेरचं तेल निपटून काढा. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण टाळतात, तिथेच सगळं बिघडतं. साधारण दर 150 ते 200 किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच हे करा. चेन कुरकुरायला लागली म्हणजे उशीर झालाच.

सायकलच्या चेनचंच तेल वापरा. इंजिन ऑइल जाड असतं, खाद्यतेल सुकून चिकट होतं आणि गंज सोडवायचा पातळ स्प्रे आतलं तेल धुऊन काढून स्वतः उडून जातो. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर तेल उडू देऊ नका. उडालंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा. पॅडने तेल शोषलं असेल तर बहुधा पॅडच बदलावे लागतात.

चेन झिजली का, हे साध्या पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यापासून 24 कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर भरतं. दीड मिलिमीटर वाढलं की चेन बदला. वाढ तीन मिलिमीटरवर गेली, तर मागच्या चाकाचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते.

हवा आठवड्यातून एकदा तपासा, सायकल उभी असली तरी; ट्यूबच्या रबरातून ती हळूहळू झिरपतेच. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून अंदाज चुकतो, मापक असलेला पंप घ्या. हवा कमी असताना खड्डा लागला की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

पहिल्या काही आठवड्यांत ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकू लागला तर घाबरू नका, केबल बसल्याने ती सैल होते. केबलच्या टोकाशी असलेला ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा बाहेर सोडा. ब्रेक पकडला पाहिजे, पण लिव्हर सोडल्यावर चाक कुठेही न घासता फिरलं पाहिजे. मात्र रबराच्या पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील, तर केबल ताणत बसू नका, पॅड बदला.

पेडल घट्ट करताना लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा, कारण तिरकं शिरलेलं पेडल क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे खाऊन टाकतं.