फिनिक्सला येताय? घर बघायच्या आधी डिस्ट्रिक्ट बघा

ॲरिझोनातल्या फिनिक्सकडे बदली होऊन येणारे बरेच जण विचारतात की हायस्कूल कुठलं चांगलं, आणि मी दरवेळी आधी एवढंच विचारते की घर कुठे घेताय, पत्ता सांगा. कारण इथे शहराचं नाव आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग, जुळतोच असं नाही; घर ज्याच्या हद्दीत, त्याची शाळा. इंटेलमुळे आपले बरेच लोक फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला घर बघतात आणि धरून चालतात की शाळा चँडलर युनिफाइड या डिस्ट्रिक्टची, पण पश्चिम चँडलरमधली बरीच घरं कायरीन डिस्ट्रिक्टमध्ये येतात, तिथे आठवीपर्यंतच शाळा, पुढे हायस्कूलला टेम्पी युनियन हा वेगळा डिस्ट्रिक्ट. उलट पेरी हायस्कूल गिल्बर्ट गावात आहे पण चँडलर युनिफाइडचं आहे. आवातुकी हा भाग तर फिनिक्स शहरातच मोडतो पण तिथली मुलं फिनिक्स युनियन या हायस्कूल डिस्ट्रिक्टला जात नाहीत, कायरीन आणि मग टेम्पी युनियन. म्हणून लीजवर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर तो पत्ता टाकून बघाच, एजंट म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका.

पत्ता हुकला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ॲरिझोनात 1994 पासून ओपन एन्रोलमेंट आहे, जागा असेल तर दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेतही प्रवेश मिळतो, फी नाही. फक्त बस बहुतेक वेळा मिळत नाही, रोज तुम्हालाच सोडायचं-आणायचं, आणि दोघं नोकरी करत असाल तर हे फार जड जातं. अर्ज आधीच्या हिवाळ्यातच करून ठेवायचा, मे महिन्यात जागे झालात तर नावाजलेल्या शाळा भरलेल्या असतात. बेसिस, ग्रेट हार्ट्स या चार्टर शाळाही (सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र चालणाऱ्या) फुकटच, पण अर्ज जास्त आले की लॉटरी. बेसिसचा अभ्यास खरंच भारी असतो, मुलाला झेपेल का हे आपल्या हौसेपेक्षा मुलाला विचारून ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे हायस्कूल नववीपासून सुरू होतं आणि नववीचे मार्कसुद्धा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणपत्रकावर, येतात, तेच पुढे कॉलेजं बघतात. आपल्याकडे नववी म्हणजे घरची परीक्षा समजून सोडून देतात, तसं करू नका. येताना नववीची विषयवार मार्कशीट शाळेच्या शिक्क्यासह आणा, मराठी माध्यम असेल तर इंग्रजी भाषांतरासह, आणि सिलॅबसही आणा. गणितात खास गोंधळ होतो. स्टेट बोर्डाला नववीत बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी दोन पेपरांत असतं, इथे अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू असे वर्षभराचे वेगवेगळे कोर्स. विषय ठरवून देणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला नुसत्या "मॅथेमॅटिक्स 82" वरून काही कळत नाही आणि मुलाला खालच्या वर्गात बसवायची शक्यता असते, तेव्हा कुठला कोर्स द्यायचा हे ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट घेता का असं स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

डिप्लोमाला, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या प्रमाणपत्राला, राज्याच्या नियमाने किमान 22 क्रेडिट लागतात (वर्षभराचा एक कोर्स पास झाला की साधारण एक क्रेडिट), त्यात इंग्रजी 4, गणित 4, सायन्स 3, सोशल स्टडीज 3. शिवाय अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवरची सिव्हिक्स टेस्ट पास व्हावी लागते. अकरावी-बारावीत येणाऱ्या मुलांची अडचण इथेच होते, सायन्स-गणित उत्तम असतं पण अमेरिकन हिस्टरी आणि गव्हर्न्मेंटची क्रेडिट शेवटच्या वर्षात कोंबावी लागतात.

नाव घालताना फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता ते विचारतात. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची टेस्ट होते, अझेला नावाची. घाबरून खोटं "इंग्लिश" लिहू नका, इंग्रजी चांगलं असेल तर मूल ती पास होतं आणि विषय मिटतो.

शाळा जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होते, भर उन्हाळ्यात, ऑगस्टअखेर-सप्टेंबर धरून तिकिटं काढाल तर पहिले आठवडे बुडतील. लसीचे कागद आणि जन्मदाखला हँडबॅगेतच ठेवा, आणि पत्त्यासाठी इथल्या घराची लीज किंवा विजेचं बिल हाताशी असू द्या. मार्चिंग बँड किंवा स्पोर्ट्समध्ये जायचं असेल तर जूनमध्येच शाळेला ईमेल करा, कारण त्यांची प्रॅक्टिस शाळा उघडायच्या आधीच सुरू होते, आणि नवीन मुलाला पहिले मित्र बहुतेक तिथेच मिळतात.