बोअर मोजायला शिकताना

लातूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी रिबोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये लागलो. घरी सांगितलं, बोअरचं काम मिळालंय. आज्जीनं लगेच विचारलं, "किती फुटावर पाणी लागतंय?" आमच्या मराठवाड्यात बोअर म्हणजे एकच! हा बोअर मात्र इंजिनाच्या सिलिंडरचा, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ते गोल भोक, आणि तो मोजायचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

इंजिन धूर टाकायला लागलं, ऑइल खायला लागलं की ब्लॉक आमच्याकडे येतो. झिजलेला बोअर कापून थोडा मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा, हे रिबोअरिंग. बोअर किती झिजलाय ते बघून पिस्टनचा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा, ते ठरवायचं: ०.२५, ०.५०, ०.७५ की १ मिमी. जुने मेकॅनिक अजून दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; दहा थाऊ म्हणजे जवळपास ०.२५ मिमी. ओला लायनर (ब्लॉकमध्ये बसवलेली, बाहेरून पाणी लागणारी सुटी नळी) असेल तर तो सरळ बदलतात, तिथं हा प्रश्नच नाही.

डायल बोअर गेज, म्हणजे बोअरचा व्यास मोजायचं सुईचं गेज, हातात आलं की नवा पोरगा पहिल्यांदा सुईच्या दिशेत फसतो. मायक्रोमीटर स्टँडर्ड, म्हणजे बोअरच्या मूळ, मापावर लॉक करायचा आणि त्यात गेज धरून शून्य लावायचा. मग बोअरमध्ये घालून पुढं-मागं हलकेच झुलवायचं. सुई एका बाजूला जाते, थबकते, उलटी फिरते. ती जिथून उलटते तेच खरं माप. आता ती शून्याच्या पुढं घड्याळाच्या दिशेनं गेली तर पोरं म्हणतात बोअर मोठा; असतो लहान, कारण गेजचं टोक जास्त दाबलं गेलंय. वर, मध्ये, खाली अशा तीन खोलींवर, आणि प्रत्येक खोलीवर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) रेषेत एकदा, तिला आडवं एकदा. एका सिलिंडरची सहा मापं, लगेच वहीत. लक्षात राहील म्हणालात की चौथ्या सिलिंडरला गोंधळ झालाच.

सगळ्यात जास्त झीज पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या पट्ट्यात, क्रँकला आडवी. तिच्या वर बोट फिरवलं तर छोटी कड लागते. त्या कडेच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तेवढा भाग जवळपास मूळ मापाचा राहतो.

सहाव्या महिन्यात एका पिकअपचा ब्लॉक मी एकट्यानं मोजला. स्टँडर्ड ९०.००, सगळ्यात मोठं माप ९०.१८. झीज ०.१८, म्हणजे ०.२५ मध्ये साफ. गिऱ्हाइकानं चार पिस्टनचा सेट आणला, आम्ही बोअर केलं, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एका भिंतीला तळहाताएवढा काळा डाग तसाच! टूल तिथं टेकलंच नव्हतं. मी वही काढून परत मापं तपासायला लागलो. उस्ताद म्हणाले, "वहीत काय बघलालास? भिंत बघ की."

माप बरोबरच होतं. पण गेज व्यास सांगतं, कोणती भिंत झिजली ते सांगत नाही. पॉवर स्ट्रोकला पिस्टन एका बाजूला जास्त रेटला जातो, त्यामुळं ०.१८ पैकी बहुतेक झीज त्याच भिंतीची असते. बोअरिंग मूळ सेंटरवर करायचं, म्हणून एका भिंतीचे ०.१८ साफ करायला व्यासात ०.३६ काढावे लागतात. तेव्हापासून मी मोठ्यात मोठी झीज दुप्पट करून ओव्हरसाइजशी ताडतो. वर होनिंगसाठी (बोअर शेवटी दगडानं घासून घ्यायला) ०.०३ ते ०.०५ मिमी राखायचे ते वेगळेच. त्या पिकअपला शेवटी ०.५० चा सेट लागला.

दुसरी गोष्ट, पिस्टन हातात आल्याशिवाय फायनल कट नाही. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. पिस्टन गोल नसतो. गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेला) आडवं, स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या भागाच्या, खालच्या बाजूला मोजायचा आणि त्यात कंपनीनं दिलेला क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीतली फट, मिळवायचा. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीतून आणलेला पिस्टन लगेच मोजूच नका. मापाचं प्रमाण तापमान २० अंश, आपली शेड चाळिशीच्या पुढं. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर रात्रभर एका जागी ठेवले तर चालून जातं. पण ब्लॉकपेक्षा २० अंशांनी जास्त तापलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन ९० मिमीला साधारण ०.०४ मिमी जास्त दाखवतो, आणि एवढ्यानं क्लिअरन्स बिघडतो.

डबा फोडलेला ०.२५ चा सेट दुकानदारानं परत घेतला नाही. पैसे माझ्या पगारातून तीन हप्त्यांत गेले. सेट अजून माळ्यावर आहे. नवा पोरगा आला की पिस्टन मोजायला मी तोच खाली काढतो.